बांधावरचा अडुळसा

साखर कारखान्यांचे बॉयलर पेटले की आमच्या पलूस भागात खोकल्याचाही हंगाम सुरू होतो. शेजारच्या रानात पाचट पेटवलं की दोरीवरच्या कपड्यांवर काळी राख येऊन पडते आणि घसा धरतो. मग मंडळी मेडिकलमधून अडुळशाची बाटली आणतात. यातल्याच काहींनी बांधावरचा अडुळसा जेसीबी लावून उपटला आणि तारेचं कुंपण केलं, हे मी डोळ्यांनी बघितलंय. (आमचाही निम्मा त्यातच गेला.)

अडुळशाला शेळी तोंड लावत नाही, म्हणून तर तो कुंपणाला असायचा. पावसाळ्याच्या तोंडाला पेन्सिलीएवढी जाड, ३-४ डोळ्यांची काडी खोचायची आणि बुडात पाणी साचू द्यायचं नाही. एवढंच.

रस काढणं मात्र कसब आहे. हिरवी पानं मिक्सरला लावली की नुसता चोथा हाती येतो. आमची आत्ती पिकलेली, पिवळी पडलेली पानं घेते, तव्यावर झाकण ठेवून वाफवते आणि गरम असतानाच जुन्या धोतराच्या फडक्यात घालून पिळते. ओंजळभर पानांना जेमतेम चमचा-दोन चमचे. वर मध. वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र मध नाहीच.

हे थोतांड नव्हे. आयुर्वेदातला वासा म्हणजेच अडुळसा, आणि त्यातल्या द्रव्याचं नाव वासिसीन. कफ पातळ करणारं ब्रोमहेक्सिन त्याच्यावरूनच घडवलंय. पण म्हणूनच तो निरुपद्रवीही नाही. मागच्या थंडीत वहिनीला खोकला झाला. मोबाईलवर आलेला मेसेज वाचून मी हौसेनं काढा उकळला. आत्ती दारातूनच ओरडली, "आरं मुडद्या, पोटुशी हाय ती! ठेव ते भांडं खाली!" अडुळशानं गर्भाशय आकुंचन पावतं, गरोदर बाईला तो देत नाहीत. मेसेजमध्ये पानं किती, पाणी किती, सगळं होतं. कुणाला द्यायचं नाही, ते नव्हतं. वर 'नैसर्गिक आहे, साइड इफेक्ट नाही' ही ओळ होतीच.

आणि खोकला २ आठवड्यांवर गेला तर काढे बंद करून सरळ सरकारी दवाखान्यात थुंकी तपासायची. टीबीला अडुळसा पुरत नाही. हे सांगणारीही आत्तीच, दादांच्या वेळी उशीर झालेला तिनं पाहिलाय.

यंदा तारेच्या आतून ११ काड्या लावल्या, ९ जगल्या. काड्या हव्या असतील त्यांनी खुशाल यावं. फक्त आत्ती आधी घरात कोण कोण आहे ते विचारेल, मगच कात्री देईल.