वहीतले एकशेवीस-ऐंशी

परवाचा राग अजून उतरलेला नाही, म्हणजे बीपीही उतरलं नसणार. पण मोजत नाही. मोजलं की आकडा फोनमध्ये जाईल, आणि फोनमध्ये गेलेला आकडा तिथून पुढे कुठे जातो हे मला आता पक्कं कळलंय. कुठेही जात नाही.

झालं एवढंच. डॉक्टर म्हणाले, दवाखान्यात आलं की धास्तीनेच कित्येकांचं बीपी चढतं, तेव्हा चौदा दिवस घरी सकाळ-संध्याकाळ मोजा आणि आकडे घेऊन या. मी मोजलं. अठ्ठावीस वेळा. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड छातीच्या उंचीला, आधी पाच मिनिटं गप्प (माझ्या बाबतीत हे औषधापेक्षा कठीण). यंत्रावर ब्लूटूथची खूण आहे. बटण दाबलं की आकडा आपोआप फोनमधल्या ॲपमध्ये जाऊन बसतो आणि ॲप त्याचा रंगीत आलेख काढतं. तो फोन घेऊन मी दवाखान्याच्या खिडकीपाशी गेले ती पहिला नंबर आलेल्या मुलीसारखी.

"रीडिंग आणलंत?" खिडकीतल्या मुलाने विचारलं.

मी फोन पुढे केला. तो मागे सरकला.

"फोन नाही चालत मॅडम. कागदावर पाहिजे."

"तुमच्या कॉम्प्युटरवर पाठवू का?"

"आमची सिस्टिम घेत नाही."

"ईमेल?"

"ईमेल बघायची आम्हाला परमिशन नाही."

"प्रिंट?"

प्रिंट चालेल म्हणाला. ॲपमधून कागद काढून आणला. त्यावर रंगीत आलेख होता, ॲप बनवणाऱ्या कंपनीचं बोधचिन्ह होतं, 'निरोगी राहा' अशी आज्ञा होती. आकडा एकही नव्हता. वापरकर्त्याच्या नावापुढे 'अज्ञात' असं होतं.

"यातलं मी टाइप काय करू?" मुलगा म्हणाला. त्याचंही बरोबर होतं, हेच जास्त झोंबलं.

तेवढ्यात माझ्या खांद्यावरून एक वही आत सरकली. आखीव, दोनशे पानी, खाकी कव्हर घातलेली. वहीमागे एक काका. मुलाचा चेहरा उजळला. "या काका! बघा मॅडम, असं पाहिजे." आणि तो भराभर टाइप करायला लागला. इतका भराभर, की मला संशय आला. मी डोकावले. पट्टीने आखलेले रकाने: तारीख, वार, वरचं, खालचं, नाडी, शेरा. आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत १२०, ८०, ७२. शेऱ्यात 'उत्तम'. दुसऱ्या ओळीपासून नुसत्या खुणा, वरीलप्रमाणे.

बाकावर काका शेजारीच बसले, तेव्हा मला राहवेना.

"काका, रोज एकशेवीस-ऐंशीच?"

"मग? नॉर्मल किती असतं?"

"तेवढंच."

"मग तेच लिहिलंय."

"पण मोजता ना?"

"पूर्वी मोजायचो. यंत्र सकाळी एक सांगायचं, संध्याकाळी दुसरं. लागोपाठ दोनदा मोजलं तरी दोन आकडे. अशा लबाड वस्तूवर विश्वास कसा ठेवायचा? वहीचं तसं नाही. एकदा लिहिलं की लिहिलं." त्यांनी पान उलटलं. पुढच्या आठवड्याच्या तारखाही भरलेल्या होत्या. "ऐनवेळी धावपळ नको."

"रविवारपर्यंत तुमचं बीपी उत्तम आहे तर."

"ईश्वरेच्छा," काका म्हणाले आणि वही मिटली.

माझ्या नंबराला दीड तास होता. फोन हातात होताच, त्याचा दुसरा काही उपयोग नव्हता, म्हणून वाचत बसले. माझं यंत्र आणि दवाखान्याचा कॉम्प्युटर बोलत का नाहीत? मला वाटलं होतं, बिचाऱ्यांना भाषाच नसेल. तर भाषा आहे. ढीगभर आहेत. घरगुती यंत्रांसाठी आयट्रिपलई या इंजिनियरांच्या संस्थेचं ११०७३ नावाचं मानकांचं, म्हणजे ठरवून दिलेल्या नियमांचं, आख्खं कुटुंब आहे. त्यात बीपीच्या यंत्राचा वेगळा भाग, वजनकाट्याचा वेगळा, साखर मोजायच्या यंत्राचा वेगळा, थर्मामीटरचा वेगळा. एवढे विभाग तर त्या दवाखान्यातही नव्हते.

"काका, हे बघा," मी म्हटलं. मला कोणाला तरी सांगायचंच होतं. "यंत्रांच्या भाषेत वरच्या बीपीला नंबर आहे, १५००२१. खालच्याला १५००२२."

काकांनी वही उघडून ते शेऱ्याच्या रकान्यात लिहून घेतलं.

"आणि दवाखान्यांच्या नोंदीत लॉइंक म्हणून कोड असतात, १९९४ पासून चालत आलेले. त्यात वरच्याला ८४८०-६, खालच्याला ८४६२-४."

"एकाच बीपीला दोन नावं?"

"हो."

"म्हणजे घरी बाळू आणि शाळेच्या दाखल्यावर बाळकृष्ण."

मानकांवरचं इतकं स्वच्छ विवेचन मला त्या दीड तासात दुसरीकडे सापडलं नाही. "अगदी तसंच," मी म्हटलं.

"मग बाळू तोच बाळकृष्ण, हे सांगणारं कोणी नाही?"

"आहे ना. तक्ते आहेत. यंत्राचा आकडा दवाखान्याच्या नोंदीत कसा बसवायचा याचंही पुस्तक लिहून तयार आहे. एचएल सेव्हन म्हणून संस्था आहे, दवाखान्यांच्या कॉम्प्युटरांनी एकमेकांशी कसं बोलायचं ते १९८७ पासून ठरवते. त्यांचं नवं मानक म्हणजे फायर–"

"कुठे?" काका ताडकन उठले. समोरच्या बाकावरच्या बाईंनी पिशवी उचलली. दारावरचा सिक्युरिटीवाला आमच्याकडे बघायला लागला.

"तसलं नाही हो! एफ, एच, आय, आर. उच्चार फायर."

"दवाखान्यात हे नाव?" काका खाली बसले, पण पुढे बराच वेळ वास घेत होते.

त्या एचएल सेव्हनमधला सात म्हणजे काय, तेही वाचलं. संगणकांच्या बोलण्याचे सात थर मानतात, त्यातला सर्वांत वरचा, जिथे एक प्रोग्रॅम दुसऱ्याशी बोलतो तो. नुसतं ब्लूटूथ असलं की फार तर खालचे थर जुळतात. म्हणजे खोक्यावरच्या ज्या निळ्या खुणेवर मी भाळले, ती फक्त रस्ता असल्याची खूण. रस्त्यावरून कोण चालणार आणि काय बोलणार, हा प्रश्न वेगळा. त्यातही ब्लूटूथवाल्यांनी बीपीच्या यंत्रांसाठी बोलायची ठरलेली पद्धत केव्हाच लिहून ठेवलीय. बऱ्याच कंपन्या मात्र ती सोडून स्वतःची खासगी कुजबुज करतात, जी फक्त त्यांच्याच ॲपला कळते. का, ते कळायला सातव्या थरापर्यंत जायची गरज नाही. आकडे माझ्या दंडातून निघाले तरी गिऱ्हाईक त्यांचं राहायला हवं.

त्या ठरलेल्या पद्धतीत एकक सांगायला एक छोटी खूण असते: शून्य म्हणजे पाऱ्याचे मिलिमीटर, एक म्हणजे किलोपास्कल. पाऱ्याची मला गंमत वाटते. १८९६ साली रिव्हा-रोच्ची नावाच्या इटालियन डॉक्टरने दंडाला पट्टा बांधून पारा चढवला. आज माझ्या यंत्रात पाऱ्याचा थेंब नाही, तरी मिलिमीटर त्याचेच. मोडलेल्या घराचा पत्ता टपालात चालू राहावा तसं.

"काका, किलोपास्कलमध्ये तुमचं एकशेवीस म्हणजे सोळा."

"सोळा?" काकांचा हात वहीवर गेला. "सोळा बीपी म्हणजे माणूस गेला की हो!"

"तेच आहे. फक्त माप वेगळं."

"हे कोणाला सांगू नका," काका हळूच म्हणाले. "खिडकीतला पोरगा टाइप करून टाकेल."

आणि ते 'अज्ञात' कुठून आलं, तेही कळलं. यंत्राला कोण मोजतंय ते सांगितलं नाही, तर वापरकर्त्याच्या जागी २५५ लिहायचं असा त्याच पद्धतीत संकेत आहे. २५५ म्हणजे ओळख नसलेला माणूस. चौदा दिवस रोज दोनदा ज्याने माझा दंड आवळला, त्याच्या लेखी मी २५५.

"एवढं सगळं आहे," काका विचार करून म्हणाले, "नंबर आहेत, तक्ते आहेत, ते तुमचं आगवालं आहे. मग नाही काय?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणजे होतं, पण ते विनोदी नव्हतं. यंत्रवाल्याला ॲप विकायचंय. दवाखान्याच्या सिस्टिमवाल्याला बाहेरच्या तारा जोडून घेण्यात काही मिळत नाही, उलट चुकीचा आकडा आला तर जबाबदार कोण, ही भीती. आणि तार कोणीच जोडत नाही तेव्हा तार म्हणून उभं राहतं कोण? पेशंट. एका हातात फोन, दुसऱ्यात पेन. मी ठीक आहे, मला वाचता येतं, चिडता येतं. ज्यांच्या घरी साखर, बीपी, वजन आणि ऑक्सिजन अशी चार यंत्रं आणि चार ॲपं आहेत, आणि मोजणाऱ्याला चष्म्याशिवाय दिसत नाही, त्यांनी काय करायचं? खिडकीतला मुलगा दिवसभर हाताने आकडे टाइप करतो. त्यातला एखादा १३८ चा १८३ झाला, तर तो पकडायलाही मागे कोणी नाही.

असो. सिस्टरने नाव पुकारलं. आत बसवलं, पट्टा बांधला. पाठ टेकलेली नव्हती, पाय लोंबत होते, आणि पाच मिनिटांत मी गप्प तर नव्हतेच. १६२ बाय ९८. तिने ते कॉम्प्युटरवर टाइप केलं. बसलं लगेच.

डॉक्टरांनी पडदा बघितला. भुवया वर गेल्या.

"जास्त आहे. घरी मोजायला सांगितलं होतं ना?"

"मोजलं. अठ्ठावीस वेळा." मी फोन पुढे केला. त्यांनी सौजन्याने आलेखाकडे पाहिलं, जसं दुसऱ्याच्या नातवाच्या फोटोकडे पाहतात.

"पण इथे काही दिसत नाही. इथे हा एकच आकडा आहे. असं करा, आणखी चौदा दिवस मोजा. आणि या वेळी वहीत लिहा. आत्ता एक काका होते, त्यांची वही फार छान असते."

बाहेर काका थांबले होते. माझ्या तोंडाकडे बघून त्यांना न सांगताच कळलं असावं. त्यांनी वहीच्या मधली दोन कोरी जोडपानं पिन न उसवता अलगद काढली, बाकावर पट्टी ठेवून रकाने आखले, आणि माझ्या हातात दिली. पहिली ओळ नमुना म्हणून त्यांनीच भरली होती. १२०, ८०, ७२. उत्तम.