भूगोलाची बिनपगारी शिकवणी

परदेशात ‘कुठून आलात?’ या प्रश्नाचा त्रास नसतो. त्रास उत्तरानंतर सुरू होतो. मी ‘भारतातून’ म्हटलं की समोरचा आनंदाने सांगतो, त्याचा मित्र नुकताच थायलंडला जाऊन आला. मग माझ्याकडे अशा अपेक्षेने बघतो, की त्या मित्राची खुशाली मी विचारलीच पाहिजे. आशिया म्हणजे यांच्या लेखी एक मोठी सोसायटी. थायलंड बी विंगमध्ये, आम्ही सीमध्ये. जिन्यात भेट झाली असेलच!

माझं तरी बरं म्हणायचं. ऑफिसातल्या केनियाच्या सहकाऱ्याला विचारतात, “आफ्रिकन भाषेत नमस्कार कसा करतात?” ५४ देशांचा खंड, हजाराच्या वर भाषा. तो बिचारा शांतपणे स्वाहिली शिकवतो. ही मंडळी उद्या सेनेगलला जाऊन तीच स्वाहिली फाडणार आहेत, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. त्यात त्याला एक छुपा आनंदही असावा.

थोडा दोष नकाशाचा आहे. मर्केटरने १५६९ साली दर्यावर्दींच्या सोयीसाठी जो नकाशा काढला, त्यात ग्रीनलँड आफ्रिकेएवढं दिसतं. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदापट. पण ऑस्ट्रियाचं नाव ऐकून कांगारूंची चौकशी करणाऱ्यांशी मर्केटरचा काय संबंध? आमची व्हिएन्नाची सहकारी हल्ली “घरी दोन पाळलेत” असं सांगून मोकळी होते.

थोरामोठ्यांचंही तेच. १९८२ साली अमेरिकेचे अध्यक्ष रेगन ब्राझीलमधल्या मेजवानीत प्याला उंचावून उभे राहिले आणि शुभेच्छा दिल्या बोलिव्हियाच्या जनतेला. तेव्हा आमच्या ब्राझीलच्या मित्राशी कुणी हौसेने स्पॅनिश बोललं, तर तो रागावत नाही. पोर्तुगीजमध्ये उत्तर देतो. समोरच्याला कळत नाही ते नाहीच.

शेवटी आम्ही समदुःखींनी जेवणाच्या सुट्टीत सूड घ्यायचं ठरवलं. मी प्रश्न टाकला, “फ्रान्सची जमिनीवरची सगळ्यात लांब सीमा कोणत्या देशाशी?” स्पेन झालं, बेल्जियम झालं, जर्मनी झालं. मी म्हटलं, “ब्राझील.” दक्षिण अमेरिकेतलं फ्रेंच गयाना हा फ्रान्सचाच भाग, तिथे युरो चालतो, सीमा सुमारे ७३० किलोमीटर, सगळं समजावलं. टेबलावर हशा पिकला. साहेबांनी मात्र हसणाऱ्यांना गप्प केलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “असू दे. तुमच्या थायलंडच्या शाळांत वेगळं शिकवत असतील.”