सव्वादोन किलोचं बाळ आणि सातव्या वर्षीची ढेरी

बाळ बघायला गेलं की आपल्या सोलापुरात पहिला प्रश्न ठरलेला असतो, "किती किलोचं झालं?" सव्वादोन असं उत्तर आलं की खोलीतली सगळी बाळंतिणीकडे बघायला लागतात. पुढची पाच-सात वर्षं घर त्या सव्वादोन किलोची भरपाई करत राहतं. ही भरपाई कधी करायची आणि कधी थांबवायची, ते वेळेवर कळायला हवं. नाही कळलं तर लहान जन्मलेल्या लेकराचं आपणच प्रेमानं नुकसान करतो. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी आकडा नीट वाचू. २५०० ग्रॅमच्या खाली जन्माला आलं की ते कमी वजनाचं बाळ. पण किती आठवड्यांचं, हे माहीत नसेल तर हा आकडा अर्धवटच. ३४ आठवड्यांना २२०० ग्रॅम असेल, तर ते बाळ त्या दिवसांच्या मानानं ठीकच आहे, फक्त लवकर आलंय. ३९ आठवडे भरून २२०० असेल, तर पोटातच वाढ अडली होती. दोघांचा पुढचा रस्ता वेगळा. म्हणून घरी जाताना कार्डावर वजनाशेजारी आठवडे लिहून घ्याच. कमी दिवसांच्या बाळाचं वय दोन वर्षांपर्यंत तेवढं कमी धरायचं: सहा आठवडे आधी आलेलं बाळ सहा महिन्यांचं झालं, की वाढीच्या तक्त्यावर त्याचं वजन साडेचार महिन्यांच्या जागी मांडायचं. हे न केल्यामुळे कितीतरी चांगली वाढणारी बाळं तक्त्यातल्या पिवळ्या, म्हणजे कमी वजनाच्या पट्ट्यात उगाच दिसतात आणि घरात वरचं दूध सुरू होतं.

वजन करण्यातही खूप घोळ होतो. झोळीच्या काट्यावर शंभर ग्रॅमच्या रेघा असतात. लहान बाळाची आठवड्याची वाढच दीडशे-दोनशे ग्रॅम, ती त्यावर कशी दिसणार? पहिले तीन महिने दहा ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा हवा, तोही दरवेळी तोच. काटा सपाट फरशीवर ठेवायचा, फडकं आधी टाकून शून्य करायचा, मग उघडं बाळ ठेवायचं. लंगोट ओला असेल तर शंभर ग्रॅम तिथंच वाढले. काट्याची शंका आली तर एक लिटर पाणी मोजून बाटलीत भरा, रिकाम्या बाटलीच्या वजनात एक किलोची भर पडायला हवी. आणि जन्माचं वजन पहिल्या तासाभरात, निदान पहिल्या दिवशी झालेलं असावं, कारण त्यानंतर बाळाचं वजन उतरतं. सात ते दहा टक्के उतरणं चालतं, दहा ते चौदा दिवसांत ते परत जन्माच्या वजनावर यायला हवं. तिथून पहिले तीन महिने दिवसाला वीस ते तीस ग्रॅम.

आता मुद्दा. साधारणपणे जास्त वजनाची बाळं पुढे जास्त वजनाची मुलं होतात, कमी वजनाची पुढेही किडकिडीत राहतात. हे खरं आहे, पण काटा फक्त एकूण भार सांगतो. त्यात स्नायू किती, चरबी किती, हे त्याला कळत नाही. आपल्याकडच्या बाळांची गोम तिथंच आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायका आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोच्या आसपास, इंग्लंडमधली साडेतीनच्या आसपास. आपली बाळं दंडात, पोटातल्या अवयवांत बरीच मागे होती, पण खांद्याच्या फऱ्याखाली कातडी चिमटीत धरून मोजलेली चरबी त्या मानानं फारशी कमी नव्हती. दिसायला लुकडं, आत चरबी राखून. पोटात अन्न कमी पडलं की शरीर मेंदूला आधी देतं, आणि स्नायू, स्वादुपिंड, मूत्रपिंड यांच्यात काटकसर करतं. मूत्रपिंडातल्या गाळण्या तर साधारण छत्तीस आठवड्यांपर्यंतच बनतात, नंतर नव्या होत नाहीत.

अशा लेकराला पाचव्या वर्षी जबरदस्तीनं भरवलं तर ते कुठं जाणार? मुळात स्नायू कमी, म्हणून चरबीत, आणि पोटाभोवती. दिल्लीत जन्मलेल्या मुलांचा तरुणपणापर्यंत जो पाठपुरावा झाला, त्याचे निष्कर्ष २००४ मध्ये आले. ज्यांना तिशीच्या आसपास साखरेचा त्रास निघाला, ते एक-दोन वर्षांचे असताना बारीक होते, आणि दोन ते बारा वर्षांत त्यांचं वजन उंचीच्या मानानं वर वर चढत गेलं होतं. विशेष म्हणजे बाराव्या वर्षीही ती मुलं लठ्ठ नव्हती. कुणाच्या डोळ्यात भरलंच नसणार.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. पहिल्या दोन वर्षांत लहान बाळाला मनापासून वाढू द्या, दोननंतर वजनामागे लागू नका. पोटात वाढ अडलेली बहुतेक बाळं दोन वर्षांच्या आत उंचीत सावरतात. दोन वर्षांची होऊनही उंची मागेच राहिली, तर बालरोगतज्ज्ञांकडे जा, टॉनिकच्या बाटलीकडे नको.

पहिल्या दोन वर्षांत करायचं काय? जन्मल्यापासून बाळ आईच्या उघड्या छातीशी, कातडीला कातडी लागेल असं, दिवसाचे निदान आठ तास. वडील, आजी यांनीही धरावं. चीक काढून टाकायचा नाही. कमी वजनाचं बाळ झोपाळू असतं, रडून मागत नाही, त्याला दर दोन तासांनी उठवून पाजायचं. ओढायची ताकद नसेल तर अंगावरचं दूध काढून वाटी-चमच्यानं. बाटली नको, घुटीही नको. आणि एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या वर गेला तरी सहा महिन्यांपर्यंत पाणी नको, पाजायच्या वेळा वाढवा. पाण्यानं पोट भरतं आणि त्या दिवसाचे वीस-तीस ग्रॅम जातात. दोन महिन्यांपासून लोहाचे थेंब वजनाप्रमाणे, डॉक्टर सांगतील तसे.

सहा महिन्यांनंतर सगळ्यात मोठी चूक म्हणजे डाळीचं वरचं पाणी. त्यात पाणीच असतं. चमचा तिरका केला तर घरंगळून पडू नये इतकं घट्ट अन्न हवं. भाकरीचा पापुद्रा काढून मऊ भाग वरणात कुस्करा, चमचाभर तूप, चमचाभर शेंगदाण्याचं अगदी बारीक कूट. आपल्या चटणीतले शेंगदाणे, फक्त तिखट-मीठ न घालता. अख्खा दाणा पाच वर्षांपर्यंत देऊ नका, घशात अडकतो. दुसरी चूक दुधाची. वर्षानंतर दिवसाला अर्धा लिटरच्या वर दूध गेलं की जेवण मागे पडतं आणि लोह कमी पडतं. मग भूकच मरते आणि आई म्हणते, खाल्लेलं अंगाला लागत नाही.

किती वाढलं म्हणजे पुरेसं? समजा ३८ आठवड्यांची मुलगी २.२ किलोची झाली. वर्षाची होताना ती ७.४ किलो भरली. शेजारची नऊ किलोची, म्हणून घरात काळजी. पण तक्त्यावर वर्षाच्या मुलीची खालची रेघ ७ किलोवर आहे. ही तिच्या जन्मवजनाच्या तिपटीहून पुढे गेलीय आणि हिरव्या पट्ट्यात आहे. दोन वर्षांची होताना ९.४ किलो असली तरी चालेल, खालची रेघ ९ ची. तिची स्वतःची रेघ बाकीच्या रेघांना समांतर चढतेय ना, एवढं बघा. रेघ सपाट झाली तर लगेच दाखवा. आणि दोननंतर ती एकेक पट्टा ओलांडत वर जायला लागली तर आनंदानं साखर वाटू नका.

मूल दीड वर्षापासून पाचपर्यंत लांबतं आणि बारीक दिसतं, बाळसं उतरतं. ते उतरायलाच हवं. साधारण पाच-सहाच्या सुमारास शरीर परत भरायला लागतं. हे भरणं तीन-चार वर्षांतच सुरू झालं तर तो धोक्याचा इशारा समजा. नेमक्या याच वयात आपण "सुकलं गं लेकरू" म्हणून मोबाईल समोर धरून भरवतो, पाच रुपयांचा पुडा हातात देतो, दुधात चॉकलेटची पावडर कालवतो. सुदृढ बालक स्पर्धेत गुटगुटीत लेकराला बक्षीस देणंही थांबवायला हवं असं मला मनापासून वाटतं. सहा वर्षांनंतर एक फीत पुरते: कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी हवी. सव्वादोन किलोच्या मुलाची ही फीत वर्षातून एकदा लावाच, मग ते कितीही सडपातळ दिसो.

चार किलोच्या बाळाचं कौतुक होतं, तिथंही थांबा. आईला गरोदरपणातली साखर होती का, ते बघा. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त तपासतात, १४० किंवा वर आलं तर साखर आहे. पहिल्या भेटीत आणि २४ ते २८ आठवड्यांत, अशी दोनदा ही तपासणी होते. ती चुकवू नका. अशी बाळं पुढे लठ्ठपणाकडे झुकतात.

आणि वजन मुळात कमी का भरतं? आईची कमी उंची, रक्त कमी, पाठोपाठची बाळंतपणं, आणि ज्याबद्दल आपण बोलत नाही ती मिश्री. मुंबईतल्या बाराशेवर बायकांच्या अभ्यासात, २००४ मध्ये आलेल्या, तंबाखू-मिश्री वापरणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनं हलकी निघाली. आपल्या पूर्व भागात, विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीत बायका दिवसभर तंबाखूच्या धुळीत सूप मांडीवर घेऊन बसतात, त्यातल्या कितीतरी जणी दात घासायलाही मिश्रीच लावतात. दिवस राहिल्याचं कळल्या दिवसापासून ती डबी घराबाहेर जायला हवी, आणि हे सुनेला एकटीला सांगून भागत नाही, सासूबाईंनीही सोडावी लागते. दहा ते एकोणीस वयाच्या मुलींना शाळेत, अंगणवाडीत आठवड्याला एक निळी गोळी मिळते, लोहाची. ती दप्तरात पडून राहते किंवा चहासोबत घेतली जाते, आणि चहानं लोह अंगी लागत नाही. जेवण झाल्यावर पाण्यासोबत, लिंबाची फोड चोखून घ्यायला सांगा.