ओटल्यावरचा डॅश

नानांचा स्मरणिकेतला लेख त्यांचाच की एआयचा, हा वाद तिसऱ्या दिवशीही इंदूरच्या रामबागेतल्या ओटल्यावर मिटला नव्हता. बंड्या पोह्यांवर जीरावन मसाला भुरभुरत ओरडतच आला, "सात डॅश मोजले भिया, सात! माणूस कधी डॅश मारतो का?"

प्रुफं तपासण्यात हयात गेलेल्या बापूंनी मानही वर केली नाही. "आखूड की लांब?"

"म्हणजे?"

"वर्डमध्ये शब्द, स्पेस, हायफन, स्पेस, पुढचा शब्द आणि परत स्पेस दाब. हायफनचा आपोआप एन डॅश, म्हणजे जरा लांब रेघ, होतो. जागा न सोडता दोन हायफन दिलेस की त्याहून लांब एम डॅश. आयफोनवरही दोन हायफनांचं तेच होतं. नानांनी हायफन दाबला, बाकी वर्डनं केलं."

"पण मराठीत डॅश..."

"अपसारणचिन्ह शिकवलं तेव्हा खिडकीबाहेर बघत होतास ना? मोडीत तर शब्दसुद्धा तोडत नसत. ही चिन्हं मेजर कँडीच्या काळात, १८५० च्या सुमारास, इंग्रजीवरून आली. मग स्वल्पविरामावरही संशय घे!"

बंड्यानं हुकमाचं पान काढलं. कुठल्याशा तपासणीत लेखात अदृश्य अक्षरं सापडली होती. "वॉटरमार्क आहे तो, एआयनं सोडलेली छुपी खूण!"

आता वहिनींना राहवेना. "भावजी, लेखात 'दऱ्या' शब्द आहे. तो टाइप करायची एक पद्धत म्हणजे र, हलन्त, झिरो विड्थ जॉइनर नावाचं जोडचिन्ह, मग या. तो जॉइनर दिसत नाही, पण काढून बघा. र चा रफार होतो आणि 'दर्या' उमटतं. विंध्याच्या दऱ्यांचा समुद्र कराल!"

"ओपनएआयनं एआयचा मजकूर ओळखणारं स्वतःचंच यंत्र जुलै २०२३ मध्ये मागे घेतलं," बापू म्हणाले. "त्यांच्याच चाचणीत, तीही इंग्रजी मजकुरावर, एआयच्या शंभर लेखांतले २६ पकडले आणि माणसांच्या शंभरातल्या ९ लेखांवर ठपका ठेवला. त्या नवांत आपले नाना बसले तर? चिन्हं मोजू नकोस, मजकूर वाच. अनंत चतुर्दशीला हुकुमचंद मिलची झांकी, म्हणजे चित्ररथ, कुठल्या वळणावर अडायची, ते लिहिलंय. का अडायची ते नानांना विचार. कच्चा खर्डा माग. माणसावर असा आळ घेण्याआधी एवढं तरी करावं."

बंड्या नमला नाही. "आणि वाक्यांच्या शेवटी उभे दंड? हिंदीतून भाषांतर मारलंय, सरळ आहे!"

"इंदुरात हिंदी माध्यमात शिकलेल्या मराठी माणसाचा हात दंडावरच जातो," वहिनी म्हणाल्या. "इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट धरून पूर्णविरामाची कळ दाबली की दंडच." आणि त्यांनी फोन पुढे धरला. नानांवर आरोप करणारा बंड्याचाच मेसेज. तीन वाक्यं, तीन दंड.

बापूंनी चष्मा वर केला. "तीन दंड झाले. भर! तीन प्लेट पोहे, आणि जिलेबी वेगळी."

"मागच्या वेळचे पैसे पण बाकी आहेत अजून," पोहेवाला कढईआडून म्हणाला, आणि ओटला हसून लोळला.