पेढे नव्हेत हो ते!

शनिवारी सकाळी आठला राजवाड्याजवळच्या एका लॅबच्या बाकावर मी मांडीवर डबी घेऊन बसलो होतो. तपासणीचं नाव स्टूल अँटिजेन; डबीत काय, ते ओळखा. ती दिसू नये म्हणून घरातनं हाताला लागली ती पिशवी घेतली, आणि ती निघाली कंदी पेढ्यांची. साताऱ्यात दुसरी कुठली निघणार?

शेजारी धोतर-टोपीतले आजोबा.

"नातू झाला का?"

"नाही हो."

"मग रिपोर्ट चांगला आला आसंल."

"अजून तपासायचंय."

"आन आदीच पेढं? लई इस्वास हाय की!" त्यांनी पिशवी चाचपली. "ताजं दिसत्यात. मला साखर हाय, पर आर्धा चालतोय."

मी पिशवी छातीशी धरली. विषय बदलायला सांगून टाकलं, की पोटात हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू आहे का ते बघायचंय.

"पोटातल्या आसिडात जित्ता ऱ्हातोय?"

"युरियापासनं अमोनिया करतो, भोवतीचं ॲसिड मारतो."

"म्हंजे फुकट ऱ्हातोय, आन वर घराला चुना लावतोय!"

ऑस्ट्रेलियातल्या बॅरी मार्शल या डॉक्टरने १९८४ साली हा जंतू मुद्दाम पिऊन दाखवला, पुढे २००५ साली रॉबिन वॉरनबरोबर त्याला नोबेल मिळालं, हेही मी सांगितलं.

"त्यो प्याला तर नोबेल. आन तुमास्नी?"

मला काय, गोळ्या. नऊ वर्षं अपचन. डॉक्टर तीन बदलले, सल्ला एकच: अनशापोटी ॲसिडची गोळी, तिखट बंद, टेन्शन बंद. नऊ वर्षं मी मिसळीच्या गाड्यावरून मान खाली घालून जातोय, आणि जंतू तपासावा असं एकालाही सुचू नये? नोबेल तर कधीच देऊन झालंय! आता तपासणीआधी दोन आठवडे तीच गोळी बंद, का तर तिने जंतू दबतो आणि रिपोर्ट खोटाच निगेटिव्ह येऊ शकतो. चौदा रात्री उशांची उतरंड रचून बसून काढल्या. जंतू सापडला तर पुढे चौदा दिवस अँटिबायोटिक्स. तो गेला तरी अपचन जाईलच असं नाही, हे डॉक्टरांनी हसत सांगितलं. त्यात हसण्यासारखं काय होतं?

"स्टूलवाले कोण?" काउंटरवरनं मुलगी ओरडली.

मी पिशवीसकट उठलो. आजोबांनी पिशवीकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे, आणि तो सावकाश धोतराला पुसला.

मुलीने डबी फिरवून बघितली. "यावर वेळ लिहिली नाही. दुसरं आणा."

"आत्ता? कुठनं?"

"मग सोमवारी. उद्या बंद असतं."

म्हणजे गोळी सोमवारपर्यंत बंदच.