पेला कोणी वाजवला?

"डोळे मिट. वादक तुझ्या हॉलमध्ये येऊन बसले नाहीत तर नाव बदलीन," असं नवे भारी स्पीकर घेताना एका मित्राने छातीठोकपणे सांगितलं आणि तेव्हापासून घरातली शांतता गेली.

वादकांच्या आधी माझीच बसायची पंचाईत. दोन स्पीकर आणि ऐकणाऱ्याचं डोकं यांचा समभुज त्रिकोण व्हायला हवा म्हणे. टेपने मोजलं तर माझं डोकं बरोबर स्वयंपाकघराच्या दारात. मग सोफा सरकला, टीपॉय बाल्कनीत गेला. मान जरा डावीकडे कलली की अख्खा वाद्यवृंद डाव्या स्पीकरमध्ये दाटीवाटीने जाऊन बसतो, म्हणून मी ताठ. "मान धरलीय का?" बायकोने विचारलं. मला मानेने नाही म्हणायचीही सोय नव्हती.

पहिल्यांदा 'जाझ अ‍ॅट द पॉनशॉप' लावली. १९७६ च्या डिसेंबरात स्टॉकहोममधल्या क्लबात, चालू मैफलीत केलेलं हे ध्वनिमुद्रण. शौकीन मंडळी आपापले स्पीकर याच्यावर पारखून घेतात. सॅक्सोफोन खरंच समोर! वाजवणाऱ्याचा श्वाससुद्धा. अंगावर काटा आला, आणि तेवढ्यात पेल्यावर पेला आपटला.

"अगं, भांडी नंतर आवर ना!" मी डोळे न उघडता ओरडलो.

"मी तुझ्या मागेच उभी आहे," हे वाक्य मला कमालीच्या स्पष्टपणे ऐकू आलं. पेला स्टॉकहोमचा होता.

दुसऱ्या दिवशी पियानोवादक ग्लेन गूल्ड. जर्मन संगीतकार बाखच्या गोल्डबर्ग व्हेरिएशन्स, १९८१ च्या ध्वनिमुद्रणातल्या. पियानो सुरेख, पण मागून कोणीतरी गुणगुणतंय. "बाबा, जरा थांबता का?" बाबा बेसिनपाशी तोंडात ब्रश घालून उभे. गुणगुणत होता खुद्द गूल्ड. त्याला ती खोडच होती. तो बसायचाही आयुष्यभर एकाच बुटक्या खुर्चीवर. वडिलांनी पाय कापून दिलेली ती खुर्चीही कुरकुरायची. म्हणजे यंत्रणा जितकी चांगली, तितकं फर्निचर जास्त ऐकू येतं.

मग मित्र म्हणाला, सीडीवर कसलं भागवतोस, हाय-रेझोल्यूशन घे. सीडीत आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने घेतलेले असतात, यात ९६,०००. म्हणजे त्याच्या निम्म्या, ४८,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज मावणार. माणसाचा कान फार तर २०,००० पर्यंत पोचतो, तोही कोवळ्या वयात. मुलीने फोनवर चाचणी घेतली. १३,००० च्या पुढे ती कान झाकून "बंद कर!" म्हणत होती आणि मी "चालू केलंस का?" विचारत होतो. थोडक्यात, वरचा मजला मी मुलीसाठी आणि त्याच्याही वरचे वटवाघळांसाठी घेतले. मुलगी गाणी फोनच्या स्पीकरवर ऐकते. वटवाघळांचं अजून काही कळलेलं नाही.

एवढं झाल्यावर मी एक निश्चय केला: आता कुठलाही आवाज येवो, उठायचं नाही, कोणावर ओरडायचं नाही. काल संध्याकाळी घरात एकटाच होतो. जाझची तीच मैफल लावली. मध्येच एक बारीक घंटी वाजली, ड्रम्सच्या जरा डावीकडे, साधारण सहा फूट मागे. पुन्हा वाजली. पुन्हा. काय जागा पकडलीय, काय खोली आहे आवाजाला! मी डोळे मिटून दाद देत राहिलो.

आमचं बाहेरचं दार तिथेच आहे. बायको वीस मिनिटं उभी होती.