ब्लॅकबर्नची पोरं आणि पॉइंट टेबल: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली आणि आज सकाळी चहा घेताना परत वाचली. ब्लॅकबर्न रोव्हर्स या इंग्लिश फुटबॉल क्लबाच्या अकादमीचं, म्हणजे पोरांना घडवणाऱ्या युवा विभागाचं, मी मागच्या लेखात कौतुक केलं, त्यावर तुमचे तीन आक्षेप आहेत. अकादमीची पत अंडर-21 संघ टेबलात कुठे आहे यावरून ठरते आणि मी टेबलाचा उल्लेखच टाळला, हा पहिला. 1995 चं प्रीमियर लीगचं विजेतेपद पैसे ओतून मिळवणाऱ्या क्लबाला 'पोरं घडवणारा' म्हणू नये, हा दुसरा. आणि मालक पुण्याचे (कोंबडीच्या धंद्यातले वेंकीज), मीही पुण्याचा, म्हणून हात राखून लिहितो, हा तिसरा.

दुसऱ्यापासून सुरू करतो, कारण तिथे माझी चूक आहे. 'विजेतेपदही घरच्या पोरांच्या जोरावर' असं मी लिहून गेलो होतो. ते वाक्य काढलंय. तेव्हाचा मालक जॅक वॉकर याचा पैसा नसता तर साउदॅम्प्टनहून ॲलन शिअरर आला नसता आणि नॉर्विचहून ख्रिस सटन आला नसता, हे दोघे संघाचे गोल करणारे फॉरवर्ड. त्या सीझनमध्ये शिअररने लीगमध्ये 34 गोल केले. एवढे गोल अकादमीच्या भरवशावर होत नाहीत. पण त्याच संघात डाव्या बाजूला जेसन विल्कॉक्स होता, तो क्लबाच्याच युवा संघातून आलेला. आणि वॉकरचा पैसा फक्त खेळाडूंवर गेला नाही. ब्रॉकहॉलचं सराव केंद्र त्याच पैशातून उभं राहिलं. कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2019 मध्ये ब्लॅकबर्नकडे सरावाला गेला होता, तेव्हा या जागेबद्दल मी पहिल्यांदा नीट वाचलं.

त्या पैशाचं फळ पुढे दिसलं. 2002 चा लीग कप फायनल, कार्डिफ, समोर टॉटनहॅम. ब्लॅकबर्न 2-1 ने जिंकलं. त्या दिवशी मधल्या फळीत डेव्हिड डन आणि डेमियन डफ दोघंही सुरुवातीपासून खेळले. डन जवळच्याच ग्रेट हारवुडचा, डफ किशोरवयात आयर्लंडहून आलेला, आणि दोघंही ब्लॅकबर्नच्याच युवा संघातून वर आलेले.

आता टेबल. प्रीमियर लीग 2, म्हणजे अंडर-21 ची स्पर्धा, 2023-24 मध्ये अशी होती: संघ 26, प्रत्येकाच्या मॅच फक्त 20. म्हणजे प्रत्येक संघाची बाकी सगळ्यांशी एकदा तरी गाठ पडतेच असं नाही. कुणाच्या वाट्याला कोण येईल त्यावर गुण हलतात. पहिले 16 प्लेऑफला, म्हणजे विजेता ठरवणाऱ्या बाद फेरीला, जातात आणि खालचे खाली उतरत नाहीत. असल्या टेबलातल्या अकराव्या आणि अठराव्या जागेत मला तरी मोठा फरक दिसत नाही. त्यात एखादा संघ विशी ओलांडलेले चारपाच गडी घेऊन उतरतो, एखादा सतरा वर्षांच्या पोरांना उतरवतो. नियमात दोन्ही बसतं.

खरी गोष्ट याहून साधी आहे. पोरगं चांगलं निघालं की ते त्या टेबलातून निघून जातं. ॲडम व्हार्टनचंच घ्या. जन्म ब्लॅकबर्नचा, सहाव्या वर्षापासून क्लबात. 2022 च्या ऑगस्टमध्ये, अठराव्या वर्षी, तो पहिल्या संघात आला. त्याचा खेळ कधी नीट पाहिलात का? चेंडू पायाशी यायच्या आधी तो मान वळवून दोन्ही खांद्यांवरून मागे पाहून घेतो, म्हणून चेंडू आला की थांबत नाही, डाव्या पायाने एका स्पर्शात पुढे देतो. मी रात्री स्ट्रीमवर ते दृश्य मागे नेऊन तीनतीनदा पाहिलंय. असा मुलगा अंडर-21 मध्येच ठेवला असता तर टेबलात दोन पायऱ्या वर दिसल्या असत्या. वर नेला, म्हणून युवा संघाची बाजू लंगडी झाली. तुमच्या मापाने ती अकादमीची घसरण ठरते.

मीसुद्धा एकदा या टेबलाला भुललो होतो, हे सांगायला हवं. 2017-18 मध्ये, ही स्पर्धा अंडर-23 ची असताना, ब्लॅकबर्नचा युवा संघ तिच्या दुसऱ्या डिव्हिजनमध्ये पहिला आला, तेव्हा मी फार मोठ्या आशेने लिहिलं होतं. त्या वेळी अकादमीतून आलेला डेव्हिड राया पहिल्या संघाच्या गोलमध्ये उभा होता आणि त्याच्याबद्दल मी एक ओळही लिहिली नाही. आज तो आर्सेनलचा गोलकीपर आहे.

युवा कपाचंही तेच. 2012 च्या एफए यूथ कप फायनलमध्ये चेल्सीने पहिल्या लेगमध्ये 4-0 ने धुतलं. परतीची मॅच ब्लॅकबर्नच्या घरच्या मैदानावर, ईवुड पार्कवर, 9 मे रोजी झाली. दोनच दिवस आधी, 7 मेला, त्याच मैदानावर विगनकडून हरून मोठ्यांचा संघ प्रीमियर लीगमधून बाहेर पडला होता आणि चिडलेल्या प्रेक्षकांमधून मालकांच्या धंद्यावरून टोमणा म्हणून एक जिवंत कोंबडी मैदानात सोडली गेली होती. अशा आठवड्यात पोरांनी ती मॅच 1-0 ने जिंकली. कप चेल्सीचाच. पण त्या विजेत्या संघातल्या नेथन आकेचं नाव झालं ते बोर्नमथ आणि मँचेस्टर सिटीत.

राहिला पुण्याचा मुद्दा. तो मला लागला, म्हणून नीट उत्तर देतो. वेंकीजने नोव्हेंबर 2010 मध्ये क्लब घेतला. महिन्याभरात मॅनेजर सॅम ॲलर्डाइसला काढलं, दीड वर्षात संघ खाली गेला. पुढच्याच सीझनमध्ये मॅनेजर म्हणून हेनिंग बर्ग 57 दिवस टिकला, मायकेल ॲपल्टन 67 दिवस. बर्ग हा 1995 च्या विजेत्या संघातला माणूस, त्याचीही ही गत. हा कारभार वाईट होता आणि तो पुण्यातून झाला याची मला लाज वाटते. 2017 मध्ये संघ आणखी एक पायरी खाली, लीग वन या तिसऱ्या स्तरावर गेला. मात्र तेव्हासुद्धा अकादमीचा पहिल्या, म्हणजे सर्वात वरच्या, श्रेणीचा दर्जा त्यांनी सोडला नाही, आणि तो खर्च छोटा नसतो. मागच्या लेखातलं कौतुक तेवढ्यापुरतंच होतं.

आणि व्हार्टन? 1 फेब्रुवारी 2024 ला, सीझन अर्ध्यावर असताना, त्याला क्रिस्टल पॅलेसला विकलं. त्यानंतर ब्लॅकबर्न इतकं घसरलं की शेवटच्या दिवशी लेस्टरच्या मैदानावर 2-0 ने जिंकल्यावर पुन्हा खाली उतरायचं टळलं आणि कुठे जीव भांड्यात पडला. पुढच्या वर्षी पॅलेसने एफए कप जिंकला, तेव्हा फायनलमध्ये व्हार्टन सुरुवातीपासून खेळत होता. घरचा मुलगा असा मधेच विकणं चूक होतं. मागच्या लेखात हे लिहायचं राहिलं, तिथे आता एक परिच्छेद वाढवतो.